देवी, कुल बावीस

गुणन-पेटीवर बाविसावा लाल दिवा लागला आणि डॉ. शलाका खांबेटेने बिनघोर अहवाल धाडला: ‘देवी कुल – २२’. तालुक्याच्या साध्या प्रयोगशाळेतही चालेल अशी ही पेटी तिनेच बनवली होती. फोडातला थेंब घातला की पेटी त्यातल्या विषाणूचा जनुक-तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवून तासाभरात ओळखते. खर्च दोन प्लेट भज्यांइतका. म्हसाळ्याच्या गोठ्यात दूध काढणाऱ्या बावीस जणांच्या बोटांवर म्हशींच्या सडांवरचे फोड उठले होते. आपोआप बरे होणारे.

तिसऱ्या दिवशी ते बावीस जण शाळेत कुलूपबंद होते आणि म्हशी मारून चुन्याखाली पुरल्या होत्या.

“अहो, देवी नव्हे, देवी कुल!” जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. निंबकरांच्या टेबलावर तिने हात आपटला. “कुल म्हणजे घराणं! पेटी आडनाव ओळखते, नाव नव्हे. माणसांची जीवघेणी देवी काय, म्हशींची किरकोळ देवी काय, आडनाव एकच. नावासाठी वेगळी चाचणी लागते.”

“आमच्या तक्त्यात कुल म्हणजे एकूण,” निंबकर म्हणाले. “देवी, एकूण बावीस. मी काय करायला हवं होतं?”

“एक फोन!”

तिचं डोकं भणभणत होतं. राग स्वतःचाही होता. एक शब्द जास्त लिहायला तिच्या बापाचं काय जात होतं?

निंबकरांनी एक कागद पुढे सरकवला. उत्तर ध्रुवाकडच्या वितळत्या बर्फातून आलेल्या जहाजाचे सहा खलाशी जिल्हा रुग्णालयात होते. त्यांची वेगळी चाचणीही झाली होती. खरी देवी; जगातून संपलेली, बर्फात टिकलेली. लस यायला तीन महिने.

शलाकाने कागद दोनदा वाचला. घराण्यातल्या एकाशी झुंजलेलं शरीर साऱ्या घराण्याला पुरून उरतं. म्हणजे जिल्ह्यात नक्की सुरक्षित होते ते कुलपातले बावीसच.

“लस येईपर्यंत त्यांचं रक्त हवंय, त्यातल्या रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांसाठी,” निंबकर पुटपुटले. “तुमचं ऐकतील.”

शाळेच्या खिडकीआडून त्या बावीसांतल्या शेवंताबाई गवळीने शलाकाचं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी आमाला ती देवी न्हवतीच?”

“नव्हती, मावशी. आता होणारही नाही.”

“आन् आमच्या म्हशी?”

शलाकाने रक्तासाठी आणलेली सुई पुन्हा पिशवीत ठेवली.

शेवंताबाईने बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात गजांतून बाहेर काढला.

“म्हशी मारल्यासा. आता आमचीच धार काढा.”