फलकावरचा नऊ

मी पेट्रोल भरायला थांबले होते. प्रेमात पडायला नव्हे, आणि कायदा बजावायलाही नव्हे.

सरकारी गाडीचा काटा तळाला टेकला होता आणि पुढचे गाव बरेच लांब होते. मुरांगलच्या वेशीवरचा उंच फलक दुरूनच सांगत होता: पेट्रोल १८९.९, डिझेल १९९.९. सेंटांत, दर लिटरला. फलकाच्या माथ्यावर गुलाबी काकाकुवे ओळीने बसून भांडत होते. मी नळी गाडीत खोचली, सवयीने मशीनवरच्या दराकडे पाहिले... आणि थबकले. मशीन १८९.० ने पेट्रोल देत होते.

त्या दशांश नऊशी माझे जुने वैर होते. आमच्या देशातल्या झाडून साऱ्या पंपांवरची किंमत नऊवर संपते. सेंटच्या दहाव्या भागाचे नाणे कोणी कधी पाडले नाही. एका सेंटचे नाणेसुद्धा मी शाळेत जाण्यापूर्वीच चलनातून गेले. तरीही तो नऊ प्रत्येक फलकावर सभ्यपणे उभा असतो, एकशे नव्वद हे एकशे एकोणनव्वद भासावेत म्हणून. इतक्या क्षुद्र असत्याला इतक्या मोठ्या समाजाने इतक्या एकमताने मान्यता दिल्याचे दुसरे उदाहरण मला इतिहासात आढळलेले नाही, आणि इतिहास मी बराच वाचला आहे. इंधनाचे किंमतफलक तपासण्याची नोकरी मी ज्या शांत, थंड संतापातून पत्करली, त्याच्या मुळाशी तो नऊ होता.

आणि इथे ते असत्यच उलटे टांगलेले होते. बाहेर नऊ, आत शून्य.

फलकाखाली शिडीवर एक उंच, सावळा माणूस लांब काठीच्या टोकाला बसवलेल्या रबरी वाटीने आकड्याची पाटी चिकटवून खाली काढत होता.

"तुमचा फलक खोटं बोलतोय," मी खालून म्हणाले.

त्याने वळून पाहिले. काठी हवेतच राहिली. "कुणाशी?"

"माझ्याशी. बाहेर दशांश नऊ, मशीनवर दशांश शून्य."

"म्हणजे मी कमी घेतले."

"हो."

"आणि तुम्हाला राग आलाय."

"हो!"

तो सावकाश खाली उतरला. डोळ्यांच्या कोपऱ्यांत हसू होते, पण चेहरा त्याने मोठ्या कष्टाने गंभीर ठेवला होता. "मॅडम, जास्त घेतले म्हणून भांडणारे रोज येतात. कमी घेतले म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. सावलीत येऊन भांडा ना... ऊन लागेल."

मी ओळखपत्र दाखवले. हॅरिएट पेंगेली, निरीक्षक. त्याने ते नको तितक्या लक्षपूर्वक वाचले.

"स्ट्रॅटिस कासिमाटिस," तो म्हणाला. "गुन्हेगार."

गुन्हा त्याने तिथेच कबूल केला. फलक वडिलांनी विकत घेतलेला. शेवटचा नऊ त्यावर कारखान्यातूनच रंगवून आलेला. शून्याचा फलक कोणी बनवतच नाही. "पण ज्याचं नाणंच नाही, ते मी लोकांकडून घेऊ कसं? म्हणून मशीनवर शून्य लावून टाकला. माझा नफा थोडा कमी होतो, झोप मात्र छान लागते."

माझ्या आयुष्यभराच्या संतापाला एक सोबती मिळाला होता. अडचण एवढीच, की सोबती कायदा मोडत होता.

"मिस्टर कासिमाटिस, फलक म्हणजे भरधाव जाणाऱ्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द असतो. त्याला थांबून प्रश्न विचारायला वेळ नसतो. म्हणून नियम सांगतो, बाहेर जे, तेच आत. कमी नाही, जास्त नाही."

"आणि माणूस अनोळखी नसला तर?" त्याने विचारले.

"तर काय?"

"तर त्याला काय द्यायचं असतं?"

मी ताकीद लिहू लागले. अक्षर, का कोण जाणे, जरा तिरके आले... "आज ताकीद. वर्षात दुसऱ्यांदा आकडे जुळले नाहीत तर दंड. आणि मुद्दाम गिऱ्हाइकाला फसवलं असं दिसलं, तर परवाना जाईल."

त्याने वर फलकाकडे पाहिले. गावात दुसरा पंप नव्हता, आणि त्याला दुसरा धंदा नव्हता.

तेवढ्यात दुकानातून एक ठेंगणी, काळ्या कपड्यांतली बाई बाहेर आली. "स्ट्रॅटी! पोरीला उन्हात काय उभी केलीस? कॉफी ठेवू?"

"ही माझी आत्या. थिया स्टमातिया," तो म्हणाला. "थिया, या सरकारी अधिकारी आहेत."

"मग दोन कप ठेवते."

"क्षमा करा," मी म्हणाले, "तपासणीच्या जागी आम्ही पाण्याशिवाय काही घेत नाही."

थियाने मला नखशिखान्त न्याहाळले, आत गेली आणि थंडगार पाण्याचा ग्लास घेऊन आली. पाण्यात एक चमचा बुडवलेला होता आणि चमच्यावर पांढऱ्या, सुगंधी पाकाचा घट्ट गोळा.

"हे पाणी नाही," मी म्हणाले.

"पाणीच आहे. आमच्याकडे पाणी असंच देतात," ती म्हणाली. "चमचा चाटायचा आणि वर पाणी प्यायचं. नियमात चमच्याबद्दल काय लिहिलंय, सांग बघू?"

नियमात चमच्याबद्दल काहीही लिहिलेले नव्हते. मी अनेक कायद्यांची कलमे मुखोद्गत केली आहेत. त्या दुपारी प्रथमच एका कायद्यातल्या पोकळीबद्दल मला कृतज्ञता वाटली.

निघताना समोरून एक ट्रक आला. चालकाने तिकडच्या खेड्यांतल्या रीतीप्रमाणे स्टीअरिंगवरून एकच बोट वर उचलून मला नमस्कार केला. मी नुसती पाहत राहिले.

"सिडनीत लोकांना बोटं नसतात का?" मागून स्ट्रॅटिसचा आवाज आला.

पुढच्या फेरीत फलक बदललेला होता. दोन्ही नऊंवर त्याने स्वतःच्या हाताने पांढरा रंग देऊन शून्ये काढली होती. पेट्रोलचे शून्य अंड्यासारखे झाले होते, डिझेलचे बटाट्यासारखे. साऱ्या प्रांतात शून्यावर संपणारा तो एकमेव फलक असावा.

"वाचता येतंय ना?" त्याने विचारले.

"येतंय. कुरूप आहे, पण खरं आहे."

"हे फलकाबद्दल की माझ्याबद्दल?"

"मी फक्त फलक तपासते."

"मग मघापासून माझ्याकडे का बघताय?"

मी घाईघाईने पाण्याचा चमचा तोंडात घातला.

त्यानंतर माझ्या फेऱ्यांत मुरांगल वारंवार येऊ लागले. दर वेळी कारण सबळ असे. कधी पश्चिमेचा रस्ता खराब, कधी शेजारच्या गावची तक्रार. दर वेळी आकडे जुळत. दर वेळी ग्लासात चमचा असे, आणि मी निघाले की तो शिडीला टेकून एक बोट वर उचलत असे. मी उचलत नसे. हातात स्टीअरिंग घट्ट धरले, की काय काय घट्ट धरून ठेवता येते, हे मला तेव्हा कळले.

मग एका संध्याकाळी कार्यालयात बसून नकाशावर पुढची फेरी आखताना मी पेन्सिल मुरांगलपासून सुरू केली, आणि माझीच मला लाज वाटली. हजारो फलकांना मी हाच जाब विचारत आले होते. बाहेर एक, आत दुसरेच. आणि मी? बाहेर अधिकारी, आत... ते लिहायला माझ्याकडे पाटी नव्हती.

मी मुरांगलला जाणे बंद केले. उन्हाळा सरला, शेतांत गव्हाची पेरणी झाली. तपासणीवाचून त्याचा फलक खराच राहील याची मला खात्री होती. आणि ती खात्रीच तर माझ्या पदाला न शोभणारी होती.

मग एका सकाळी तक्रारीचा फोन आला. माझ्याच टेबलावर.

"मला नाव सांगायचं नाही," एक बाईचा आवाज रुमालाआडून येत असावा तसा घुसमटत होता. "मुरांगलच्या पंपावर डिझेलचा आकडा खोटा आहे. फार खोटा! त्या पेंगेली बाईंनाच पाठवा. दुसरं कोणी नको. आणि पोरी, येताना स्वेटर घाल, इकडे गारठा आहे."

मी पोहोचले तेव्हा पावसाची सर येऊन गेली होती. डबक्यांत डिझेलची इंद्रधनुष्ये तरंगत होती. फलकावर डिझेल १९६.० होते. मशीनवर १९९.०. बाहेर कमी, आत जास्त. म्हणजे नियमातला सर्वांत वाईट प्रकार.

स्ट्रॅटिस धावतच बाहेर आला. मला पाहून त्याचा चेहरा उजळला, मग माझी नजर जिकडे होती तिकडे त्याने पाहिले आणि तो पांढराफटक पडला.

"हे... हे कसं झालं?"

"मीच विचारतेय." माझा आवाज मला हवा होता तितका थंड होता. "परवाना जाऊ शकतो, कळतंय का तुम्हाला? मी हे न पाहिल्यासारखं करू शकत नाही. माझ्याकडून ती अपेक्षा असेल तर..."

"नाही." त्याने माझे वाक्य तोडले. "तुम्ही तसं केलंत, तर मला तुम्ही आवडायच्या बंद व्हाल. लिहा. पाटी मीच लावली असणार. उलटी लागली माझ्या हातून."

"कधी?"

"काल... नाही, आज. केव्हातरी."

त्याला खोटे बोलताही येत नव्हते. मी दशांशाआधीची पाटी निरखली. नऊ उलटा टांगून त्याचा सहा केलेला होता. मग माझे लक्ष डिझेलच्या नळीकडे गेले. तिच्यावर पिवळी पिशवी बांधली होती, मशीन बंद असल्याची खूण.

"डिझेल बंद का आहे?"

"थिया म्हणाली सकाळपासून मशीन बिघडलंय. दुरुस्तीवाल्याची वाट बघतोय."

आम्ही दोघेही एकदमच दुकानाच्या दाराकडे वळलो. थिया स्टमातिया तिथे लांब काठी घेऊन उभी होती.

"मीच केलं," ती म्हणाली. "मशीनला काही झालेलं नाही. पिशवी बांधली, कुणाला थेंबभर डिझेल जाऊ दिलं नाही, मग आकडा फिरवला, मग फोन केला. कुणाला फसवलं का मी? नाही! तू इतके महिने आली नाहीस. हा रोज फलक पुसतो. रोज! चकचकीत फलकाला काय करायचंय, बघायला कोणी नसेल तर?"

"थिया!" स्ट्रॅटिसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ओरडू नकोस. शिडी चढून माझे गुडघे गेलेत."

मला हसू फुटले. सरकारी गणवेशात, तपासणीच्या जागी, मोठ्याने. काकाकुवे दचकून उडाले.

मग मी नोटीस लिहायला घेतली. गिऱ्हाईक फसले नव्हते, म्हणून परवान्याला धोका नव्हता. आकडे जुळले नव्हते, म्हणून दंड चुकत नव्हता. स्ट्रॅटिसने मान डोलावली. "कमी करू नका हं," तो म्हणाला.

"करणारही नव्हते. आणि हे बघा, इथली माझी ही शेवटची नोटीस. आज मी कार्यालयाला कळवणार आहे, मुरांगल दुसऱ्या निरीक्षकाकडे द्या म्हणून."

त्याचे डोळे विझले. "इतका राग आला?"

"राग नाही." मी नोटिशीवरून नजर वर उचलली. "अधिकाऱ्याचा कुठे हितसंबंध असेल, तर तो त्याने आधी जाहीर करायचा असतो. तसा नियम आहे."

"हितसंबंध..." तो हळूच म्हणाला. "पंपात?"

"पंपात नाही."

पत्र्यावरून पावसाचे राहिलेले थेंब ठिबकत होते. त्याने एक पाऊल पुढे टाकले, मग थांबला.

"हॅरिएट... हे तू नियम म्हणून सांगतेयस, की..."

"बाहेर जे, तेच आत," मी म्हणाले. "स्ट्रॅटिस, मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. आता जुळले का आकडे?"

"जुळले," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याच्या शून्यांइतकाच वेडावाकडा झाला. "माझे कधीचेच लावून ठेवलेत. तूच तपासले नाहीस!"

"झालं का तुमचं?" दारातून थिया ओरडली. "आता तरी कॉफी?"

"सही होईपर्यंत पाणी!" मी ओरडून सांगितले. मग सही केली, टोपण लावले आणि पेन खिशात ठेवले. "आता कॉफी."

कॉफी काळी, दाट, फेसाळ होती. कायद्याने मला इतके महिने कशापासून वंचित ठेवले होते, हे पहिल्याच घोटाला उमगले. स्ट्रॅटिसने कपासकट माझा हात धरला, तेव्हा उरलेलेही उमगले.

निघाले तेव्हा तो उलटी पाटी सरळ करायला शिडीवर चढला होता. वळणावर मी काच खाली केली आणि स्टीअरिंगवरून एक बोट वर उचलले. एकच, रीतीप्रमाणे. उत्तरादाखल त्याने दोन्ही हात वर केले, काठीसकट. पाटी सुटली आणि खडखडत चिखलात जाऊन पडली.

आरशात मला तो हसताना दिसत होता. चिखलातला तो आकडा नऊ होता की सहा, हे पाहणे आता माझे काम नव्हते.