वाचून दाखवले

"पेन इथे ठेवा."

"अहो, पेनच आहे. बॉम्ब नाही."

"बॉम्ब असता तर पहारेकऱ्यांनी घेतला असता. पेन माझ्या खात्यात येतं."

मतदान यंत्रांच्या गोदामाच्या दारात, सकाळी सव्वानऊला त्या दोघांची पहिली भेट झाली ती अशी, भांडणातून. तो यंत्रं तपासायला आलेला इंजिनियर, आणि ती गोदामाची वही सांभाळणारी कारकून. सगळे तिला वहीवालीच म्हणत. आत फोन न्यायचा नाही, पेन न्यायचं नाही; साऱ्या गोदामात एकच पेन, तेही तिच्या हातात, असा नियम. त्याने खिशातून एक पेन काढलं, मग दुसरं, मग कानामागचं तिसरं... इतका वेळ तोऱ्यात उभी असलेली ती शेवटी फिसकन हसली, आणि तिथेच घात झाला.

मग तीन आठवडे ती दोघं एका लांबलचक टेबलाच्या दोन बाजूंना बसली. प्रत्येक यंत्रावर आधी खोटी मतं टाकून बघायची असत. छत्री, खुर्ची, दिवा असली सरावाची चिन्हं. तिने चिन्ह सांगायचं, त्याने बटण दाबायचं, शेवटी बेरीज जुळवून सगळं पुसून टाकायचं.

"दिव्याला तुम्ही कधीच मत देत नाही," तो एकदा म्हणाला.

"दिवे लावणारे आमच्या घरात पुष्कळ आहेत."

"आणि छत्रीला भरभरून देता. छत्रीचं नशीब थोर."

"मत गुप्त असतं. तुम्ही यंत्राकडे बघा, माझ्याकडे नको."

"यंत्राचं बघून झालं..."

तिचे कान लाल झाले. बेरीज चुकली. तिने ती पुन्हा केली आणि त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून पुढची पाच मिनिटं त्याच्याकडेच बघत बसली.

तर, त्या कामाची एक रीत होती. तपासून झालेल्या यंत्रावर कागदी पट्टी चिकटवायची. पट्टीवर सहा आकडी क्रमांक छापलेला, वर उमेदवारांच्या माणसांच्या सह्या. क्रमांक त्याने मोठ्याने सांगायचा, तिने वहीत लिहायचा आणि लिहिलेला परत वाचून दाखवायचा. तो पट्टीकडे बघत "बरोबर" म्हणाला की 'वाचून दाखवले' या रकान्यात तिने खूण करायची, मग दोघांनी सही. पट्टी फाडल्याशिवाय यंत्र उघडत नाही आणि तोच क्रमांक पुन्हा छापला जात नाही. यंत्राला मधे कोणी हात लावला नाही याची सारी भिस्त त्या एका आकड्यावर. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

पण शेवटच्या दिवशी दुपारी, उरल्यासुरल्या यंत्रांपैकी एकाचा क्रमांक सांगून झाल्यावर तिने तो वाचून दाखवायच्या आतच तो भलतंच बोलला.

"उद्यापासून मी दुसऱ्या गोदामात."

"माहीत आहे." तिने मान वर केली नाही.

"निवडणूक संपली की... म्हणजे यंत्रं नसताना... आपण दोघं कुठेतरी बसून चहा घेऊ शकतो का? नियमात बसत असेल तर."

"नियम बघून सांगते," ती म्हणाली. आणि मग हसत सुटली. "बसतं. नियमात बसतं."

त्या हसण्यात तिने रकान्यात खूण केली, सही केली, वही त्याच्याकडे सरकवली. त्यानेही सही ठोकली. वाचायचं राहून गेलं. पट्टीवर शेवटी एकोणचाळीस होते, वहीत त्र्याण्णव.

मतमोजणीच्या सकाळी ते उघडं पडलं. एका उमेदवाराचा माणूस पट्टी बघत होता, दुसरा वही. "हे यंत्र बदललंय!" असा एकच गिल्ला झाला. पट्टीवरच्या सह्या आपल्यासारख्याच आहेत हे त्यांना मान्य होतं; पण सही काय, कोणीही गिरवतो. यंत्र बाजूला काढलं गेलं आणि दोघांना मोठ्या साहेबांसमोर उभं केलं.

खोली लहान होती. बाहेर घोषणा चालू होत्या. साहेबांच्या टेबलावर एका बाजूला ती वही उघडी पडली होती, आणि दुसऱ्या बाजूला ट्रेमध्ये तिला नोकरीत कायम करण्याचा कागद, सहीसाठी आलेला. सहा वर्षं तिने त्या कागदाची वाट पाहिली होती.

"क्रमांक वाचून दाखवला होता का?" साहेबांनी विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिची नजर ट्रेमधल्या कागदावरून हलेना.

"हो," ती म्हणाली. "दाखवला होता."

तो काहीच बोलला नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, तरी नाही. संध्याकाळपर्यंत त्याला कामावरून दूर केलं होतं. त्या यंत्रातल्या मतांच्या छापील चिठ्ठ्या हातांनी तीनदा मोजल्या. मतं जशीच्या तशी जुळली. पण वाचून दाखवलेला क्रमांक बदलतो कसा, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, आणि उत्तर नसलं की लोक बोट दाखवायला माणूस शोधतात. बातमीत त्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'यंत्र हाताळणारा.'

ती मावशीकडे राहायची. चौथ्या दिवशी मावशीने तिच्यापुढचं न खाल्लेलं ताट उचललं आणि विचारलं, "कोणाचं काय केलंयस?"

तिने सगळं सांगितलं. चहाचंसुद्धा.

"आवडतो तुला?"

"खूप, मावशी."

"मग अगं मेले, परक्या माणसाशीही कोणी असं वागत नाही!"

पाचव्या दिवशी तिने साहेबांना लिहून दिलं: वाचून दाखवलं नव्हतं, खूण खोटी होती, त्या दिवशीचं उत्तरही खोटं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि ट्रेमधला कागद खणात टाकला. तिला दुसऱ्या कचेरीत पाठवायचं ठरलं. तो निर्दोष ठरला.

आठवड्याने तो निर्दोष ठरल्याचं पत्र घ्यायला आला. ती कचेरीबाहेरच्या बाकावर त्याची वाट पाहत बसली होती. अकरा वाजल्यापासून. तो वाळला होता. तिला बघून थांबला, मग शेजारी बसला, मधे दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून.

"मला माफ करा," ती म्हणाली. "आणि... हे आता बोलायला तोंड नाही मला, पण बोलते. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून."

"मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "आवडायचीस असं म्हणणार होतो. पण खोटं ठरेल ते."

"मग..."

"मग काही नाही. लांबची बदली मागून घेतलीय. उद्या निघतो."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. समोरून दोघं कारकून वह्यांचा ढीग घेऊन गेले.

"एक विचारू? त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात? ही वाचायला विसरली, एवढं म्हणाला असतात तर तिथल्या तिथे सुटला असतात."

"म्हणणार होतो की." तो जमिनीकडे बघत हसला. "चूक माझी आहे, मीच हिला बोलण्यात गुंतवलं, नोकरी घ्यायची तर माझी घ्या. असं सगळं वाक्य मनात जुळवत होतो. तेवढ्यात तू 'हो' म्हणालीस. त्यानंतर खरं बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर तुला खोटं पाडायचं. ते नाही जमलं."

तो उठला. पत्राची घडी त्याने खिशात नीट बसवली आणि तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाच्या ठेवतात तसा. मग फाटकाबाहेर जाऊन डावीकडे वळला. ती हाक मारायला उठली होती, पण उभीच राहिली.