डाव्या सीटचा लाल दिवा

ही गोष्ट माझ्यासोबत घडली आहे. कोणाच्या मावशीच्या शेजारणीसोबत नाही. ज्यांना हसायचं आहे त्यांनी खुशाल हसावं. पण आधी आमच्या अंगणात यावं आणि त्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या सीटवर थोडा वेळ बसून दाखवावं.

मी नूतन. आमचं गाव प्रकाशा गावापासून थोडं आत, तापीच्या काठावर. शेतात केळी, ऊस, कापूस. नवरा सुरतला नोकरीला. दीर भूपेंद्र घरीच असतो, म्हणजे घर सोडून बाकी सगळीकडे असतो.

घडलं ते मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. रात्र नव्हती. दिवस मावळत होता, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या चालू होत्या. भुतं फक्त मध्यरात्री येतात असं वाटत असेल, तर तो समज काढून टाका.

माझ्या सासूबाई, जसोदाबाई. मी त्यांना आई म्हणते. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. दर सोमवारी आणि गुरुवारी नंदुरबारला डायलिसिस. सुई टोचण्यासाठी डाव्या हातात ऑपरेशन करून एक जाड शीर तयार केली आहे. त्या हातावर दाब पडलेला चालत नाही. एकदा बस चुकली म्हणून फेरी हुकली, तर पाय खांबासारखे सुजले आणि श्वास छातीत मावेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा चुकवलं तर माझ्याकडे आणू नका.

म्हणून मी गाडी शिकले. आणि म्हणून भूपेंद्रने जुनी गाडी आणली. खापर गावाच्या पलीकडून, गुजरात बॉर्डरच्या बाजूने. कोणाकडून, ते त्याने कधीच नीट सांगितलं नाही.

"एकच मालकनी गाडी शे वहिनी," तो म्हणाला. "फक्त देवले जावाले काढेत."

मी दार उघडलं आणि ओढणी नाकाला लावली.

मला घाण सहन होत नाही. घरात त्यावरून माझी चेष्टा होते. पण ती गाडी बघून कोणालाही किळस आली असती. दाराच्या आतल्या बाजूला गुटख्याचे वाळलेले ओघळ. गिअरची मूठ चिकट. पायाखालच्या मॅटमध्ये केसांचे गुंते. लांब केस, बाईचे. देवाला जाणाऱ्या माणसांनी गाडीत असं थुंकावं! मी फिनेल घेतलं आणि घासत बसले. भूपेंद्र उभा राहून तोंडातला तोबरा चघळत होता.

समोरच्या कप्प्यात गाडीचं माहितीपुस्तक होतं. ते मी नीट वाचलं. अंगणात गाडी उभी करून मी एकेक बटण शिकायचे आणि आई शेजारी बसून बघायच्या. त्यांनाही गंमत वाटायची.

"हाई चहानी किटली कसाले लागनी?" त्या विचारायच्या.

"किटली नही आई. इंजिनना ऑइलना दिवा शे तो."

चावी फिरवली की समोरचे सगळे दिवे एकदा लागतात आणि मग एकेक विझतात. गाडी स्वतःची तपासणी करते. विझणं महत्त्वाचं, पण आधी लागणंही तितकंच महत्त्वाचं.

आमच्या गाडीत एक दिवा लागतच नव्हता.

एअरबॅगचा.

मी भूपेंद्रला दाखवलं. तो म्हणाला, "दिवा लागत नही तर चांगलंच शे ना! लागना तर बिघाड."

मी म्हटलं, अरे, तो एकदा लागून विझायला हवा. अजिबात लागत नाही म्हणजे कोणीतरी मुद्दाम काढून टाकला आहे. म्हणजे एअरबॅग कधीतरी फुटली आहे. तो पचकन थुंकला आणि निघून गेला.

दुसरी गोष्ट. डाव्या सीटच्या बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप खोचलेली होती. बेल्ट नाही, फक्त लोखंडी जीभ. म्हणजे गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, आणि तिचं टुंग टुंग बंद होतं. आमच्याकडे अर्ध्या गाड्यांत हे असतं. बेल्ट लावायचा कंटाळा, पण गाडीला फसवायची हौस.

मी ती क्लिप ओढली. सहज निघेना. निघाली तेव्हा तिच्यावर काळपट, ओशट काहीतरी होतं, आणि त्यात गुंडाळलेला एक लांब केस. मी किंचाळून ती फेकली आणि साबणाने हात घासत बसले.

मग गाडी चालू केली. शेजारची सीट रिकामी होती. पिशवी नव्हती, पर्स नव्हती.

आणि समोर लाल दिवा लागला… बेल्ट लावलेल्या माणसाचं चित्र.

टुंग… टुंग… टुंग…

सीटवर वजन असेल तरच हा दिवा लागतो. पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

"सेन्सर खराब शे," भूपेंद्र म्हणाला. त्याने ती क्लिप मातीतून उचलली, पँटला पुसली आणि परत खोचली. "ऱ्हावू द्या वहिनी. बेल्ट लावा तर आईना हात दबाई जाई."

हातासाठी म्हणून मीही ऐकलं.

मग वास सुरू झाला.

आधी हलका. नासलेल्या दुधासारखा, आणि त्यात न घासलेल्या तोंडाचा. बाहेरची हवा आत घेतली की कमी व्हायचा. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलं की गाडीभर दाटायचा. मला वाटलं, एसीत उंदीर मेला. सगळं उघडून पाहिलं. फिल्टर बदलला. उंदीर नाही, काही नाही.

मग पुढची काच. थंडीत काचेवर आतून बाफ धरते, ते ठीक आहे. पण रात्रभर बंद असलेल्या गाडीत, सकाळी फक्त डावी अर्धी काच धुरकट असायची. माझी बाजू कोरडी ठणठणीत.

त्या धुक्यात एक तेलकट गोल डाग… कपाळ टेकवल्यासारखा.

मी पुसायचे. फडकं पिवळं व्हायचं. दुसऱ्या सकाळी डाग परत तिथेच. 

आता तो गुरुवार.

डायलिसिस उरकून आम्ही निघालो. आई फार थकल्या होत्या. डाव्या हाताला सुईच्या जागी कापूस आणि पट्टी. मी त्यांची सीट थोडी मागे कलती केली. खाचेत क्लिप होतीच. तापीचा पूल अजून पुढे होता. ट्रॉल्या मागे राहिल्या होत्या, दोन्ही बाजूंनी ऊस उभा, माणूस दिसत नव्हता.

आईंनी पाठीखाली हात घालून सीट चाचपली.

मग हळूच म्हणाल्या, "नूतन… सीट गरम करी का तू?"

"नही आई. या गाडीले तसं बटण नही."

त्यांनी जरा पुढे सरकायला पाहिलं. 

"मंग मन्हा खाले कोण शे?"

मी वेग कमी केला.

"मी कोणी तरीना मांडीवर बठेल शे," त्या म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती, थकवा होता. "तिन्हं आंग वल्लं शे, माय. माले चिकटी ऱ्हायनं."

मी डावीकडे पाहिलं. त्यांच्या बाजूच्या काचेवर त्यांच्या श्वासाची बाफ उमटत होती आणि विरत होती. त्याच्या थोडं मागे, त्यांच्या कानाजवळ…

अजून एक बाफ.

ती वेगळ्या तालात येत होती. हळू. आईंचे दोन श्वास होईपर्यंत तिचा एक.

मी पुढच्या काचेवर हवा सोडायचं बटण दाबलं. पंखा पूर्ण केला. समोरची काच साफ झाली, बाजूचे दोन्ही ठिपके तसेच. आणि ती घाण इतकी उसळली की जिभेवर चव आली. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, आधी किळसच आली. माझ्या आईसारख्या बाईला काहीतरी सडलेलं मांडीवर घेऊन बसलं होतं.

मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले. एकच सुचलं. बेल्ट लावायचा, आईंना धरून ठेवायचं.

क्लिप उपसली. बेल्ट ओढला. तो ओला होता, बुळबुळीत. आईंच्या छातीवरून घेऊन खाचेत खोचला.

खट्.

दिवा विझायला हवा होता.

विझला नाही.

टुंग… टुंग… टुंग…

सीटवर अजून कोणीतरी बिनबेल्टचं होतं.

आणि मग बेल्ट आवळू लागला. सरकत, सरकत, दारामागच्या खांबात परत जाऊ लागला. आईंच्या डाव्या दंडावर तो रुतला.

"हात! नूतन, मन्हा हात!"

पट्टीवर लाल ठिपका आला आणि पसरू लागला. त्या शिरेतून रक्त सुटलं की थांबत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी खाचेचं लाल बटण दाबलं. दबेना. माझ्या अंगठ्याखाली दुसरं काहीतरी होतं. मऊ. अति पिकलेल्या केळीसारखं. दाबलं तसं ते पिचलं आणि नखात शिरलं.

मी ओरडले, "सोड! तिले सोड! तुले बेल्ट लाई दिसू मी!"

का म्हटलं, माहीत नाही.

पण बटण दबलं. बेल्ट सैल झाला.

मी धावत पलीकडे गेले, आईंना ओढून बाहेर काढलं, मागच्या सीटवर टेकवलं आणि त्यांचाच पदर पट्टीवर घट्ट दाबून धरला. हळूहळू रक्त थांबलं. पुढे टुंग टुंग चालूच होतं.

मी शब्द दिला होता. गाडीत परत बसायचं होतं, आईंना घरी न्यायचं होतं.

मी रिकाम्या सीटसमोर उभी राहिले आणि बेल्ट ओढला. रिकाम्या सीटवर बेल्ट सीटच्या पाठीला चिकटून बसतो, तुम्ही घरी करून बघा. हा बसेना. जितका ओढावा तितका कमी पडत होता. खाचेत गेला तेव्हा मधे हवेत फुगून राहिला, पोटावरून जातो तसा.

खट्.

दिवा विझला. आवाज थांबला. आणि त्या रिकाम्या सीटवरून कोणीतरी लांब श्वास सोडला…

तो माझ्या तोंडावर आला. मी रस्त्याच्या कडेला जाऊन ओकले.

मग तोंड पुसून गाडी चालवली. दुसरं काय करणार होते?

घरी भूपेंद्रने आईंचा काळानिळा दंड पाहिला. मी त्याला विचारलं, या सीटवर कोण मेलं? तो चपला घालून बाहेर निघून गेला. तेव्हापासून तो गाडीच्या जवळून जात नाही, आणि अंगणात थुंकतही नाही. नवरा म्हणतो, दुसरी गाडी बघू. बघू म्हणजे केव्हा? सोमवार थांबत नाही.

म्हणून आम्ही त्याच गाडीने जातो. आई मागे बसतात. पुढच्या रिकाम्या सीटला मी हाताला फडकं गुंडाळून बेल्ट लावते. तो फुगतो, दिवा विझतो, आम्ही निघतो. मी नाकाला ओढणी बांधते. आई रागावतात.

"नाक मुरडू नको. तिले समजस," त्या म्हणतात. "कोणी तिले येळवर बेल्ट लावा नही, तिन्हा काय दोष?"

त्यांना दया येते. मला येत नाही. मला फक्त किळस येते, आणि त्याची लाजही वाटत नाही.

परवा सोमवारी मी बेल्ट ओढला, तर तो सपाट बसला. सीटला चिकटून. मी काढून पाहिला. गाडी चालू केली. दिवा नाही, आवाज नाही. वासही नाही. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच, "आई, गेली ती!"



मी आरशात पाहिलं.

सगळी सीट मोकळी असताना आई अगदी दाराला चिकटून बसल्या होत्या. भरलेल्या बसमध्ये कोणाला जागा करून द्यावी, तशा. दुखरा हात त्यांनी मांडीवर उचलून धरला होता.

"चाल माय, टाईम व्हई ऱ्हायना," त्या म्हणाल्या. मग शेजारी बघून म्हणाल्या, "पण पहिले हिन्हा बेल्ट लाई दे."

मी मागे गेले. लावला.

या गाडीत मागच्या सीटसाठी दिवा नाही. तिथे बेल्ट नीट बसला की नाही, ते हाताने चाचपूनच बघावं लागतं.

उद्या गुरुवार आहे.