डावीकडे कललेले टाके

वीज येईपर्यंत ऐका, पोरांनो. आमच्या टाचणीची गोष्ट. तोंडात टाचण्या धरूनच बोलायचा, म्हणून हे नाव. शिंपी होता. एका मास्तरांच्या हाताखाली शिकला. मास्तर अचानक गेले, आणि पुढं टाचणीनं त्यांच्या विधवेशी लग्न केलं. दुकान खाली, घर वर, मधे जिना.

नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. बहिणीकडं लग्न होतं म्हणून बायको आधी निघाली. टाचणी तिला रात्रीच्या बसमध्ये बसवून परतला. उद्या तोही जाणार होता. तिच्या माणसांत तिचा नवरा म्हणून पहिल्यांदाच मिरवणार होता. वाटेत चहावाल्यानं हटकलं, "मास्तरीणबाई गेल्या वाटतं?"

टाचणी न थांबता पुढं निघाला. लग्नाला वर्ष झालं, तरी ती मास्तरीणबाईच! गिऱ्हाइकंसुद्धा म्हणायची, "शिलाई छान आहे हो, पण मास्तरांचा हात वेगळा."

त्यात घरात भलतंच सुरू झालेलं. तिची बाही उसवली, की सकाळी शिवलेली असायची. टाके डावीकडं कललेले. त्या गल्लीत डावखुरा शिंपी एकच होऊन गेला. मास्तर.

काय म्हणालीस, चिमे? तिनंच शिवलं असेल? टाचणीही तेच म्हणाला. ती म्हणाली, "मला साधा दोरा ओवता येत नाही. तुम्हीच हसता ना मला?" मग त्यानं समोरच्या इस्त्रीवाल्यावर संशय घेतला. तो बिचारा महिनाभर पाय मोडून खाटेवर! शेवटी टाचणी म्हणाला, "योगायोग असेल."

अरे, योगायोग कधी सुई धरून बसतो का? पण मास्तरांचं नाव घेतलं, तर तिला अजून जपणारा दुसरा कुणी आहे, हे कबूल करावं लागणार. ते त्याच्या घशाखाली उतरेना. बायको मात्र नुसती जिन्याकडं बघायची.

त्या रात्री त्यानं दुकानाला नवं कुलूप लावलं. किल्ली उशीखाली. उद्या लग्नात घालायचा कोट खुंटीला अडकवला, आडवा झाला.

पावणेबारा वाजले. खाली स्टूल करकरलं.

मग... टक्.

दातानं दोरा तोडल्याचा आवाज. मास्तर दोऱ्याला कधी कात्री लावत नसत.

"मांजर असेल," टाचणी पुटपुटला.

टक्.

आता जिन्यावर.

"मांजरच..."

टक्.

खोलीत. अगदी खुंटीपाशी.

त्यानं डोळे गच्च मिटले. ओरडला, "ती माझी आहे!"

...

काही नाही.

बराच वेळ... काहीच नाही.

सकाळी पाहिलं तर कुलूप जसंच्या तसं. किल्लीही जागेवर. टाचणी स्वतःशीच हसला. दाढी केली, भांग पाडला, कोट चढवायला घेतला. हात बाहीत गेला... आणि मनगटाशी अडला.

बाहीचं तोंड शिवलेलं होतं.

दुसरीचंही.

तो लग्नाला गेला, पण साध्या शर्टावर. मागच्या रांगेत बसला. कोट शेजारी माझ्याकडं टाकून गेला, म्हणाला, "उसवून ठेव." माझा हात काही धजला नाही.

हा बघा. चिमे, मोबाइलचा उजेड इकडं धर. घाबरू नकोस, बोट फिरव बाहीवरून.

आता सांग... टाके कुठं कललेत?