पाचव्या प्रतीचं लेबल

सांगते, पण मध्येच 'अगं, तुझी झोप झाली नव्हती' असं म्हणायचं नाही. ते मी स्वतःलाच शंभरदा म्हणून झालंय.

काम साधं होतं. सासरे गेल्यावर त्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या एका संगीत संग्रहालयाला द्यायचं ठरलं आणि यादी करायचं काम मी अंगावर घेतलं. खरं तर नवऱ्याने ते फोनवरून माझ्या अंगावर टाकलं. तो दोन महिने परगावी होता. घरात मी, सासूबाई आणि आमची पाच महिन्यांची ठिणगी. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. पोरगी पाऊण तासाच्या वर कधी झोपायची नाही आणि जागी झाली की घरभर वणवा.

आदल्याच आठवड्यात तिला पाजता पाजता मला डुलकी लागली होती. ती मांडीवरून घरंगळली. सासूबाई समोरच होत्या, त्यांनी वरच्या वर झेलली.

"पदर ढळला तर कळतो ना तुला? मग पोर ढळलं ते कसं नाही कळलं?" एवढंच बोलल्या. नवऱ्याला काही सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार. पण तेव्हापासून मी बसायलाच भ्यायला लागले. उभ्याने पाजायचे. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चाचपायचे. पुन्हा डोळा लागला आणि झेलायला कोणी नसलं तर? दिवसभर डोक्यात हेच. एम.ए.ला वर्गात दुसरी आले होते मी, पण या विषयात काठावर पास होईन की नाही, शंकाच होती.

तर यादी. सासरे तबकड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. नवा माल निघाला की त्यातली एक तबकडी वाजवून बघायची, लेबल सरळ बसलंय का, भोक मधोमध आहे का, ते पाहून सही करायची. त्यांच्या कपाटात एकाच अंगाईच्या पाच प्रती निघाल्या. मी संग्रहालयातल्या गृहस्थांना फोन केला.

"आवृत्त्या वेगवेगळ्या असतील, ताई," ते म्हणाले. "लेबलं कशी आहेत?"

पहिलं गडद किरमिजी, त्यावर चंदेरी अक्षरं आणि कडेने कारखान्याचा पूर्ण पत्ता. दुसरं लाल, पत्ता गायब. तिसरं काळं. चौथं पिवळं, त्यावरची अक्षरं ओरडल्यासारखी ठळक. आणि पाचवं परत किरमिजी, चंदेरी, पत्त्यासकट.

"म्हणजे पहिलीच्या दोन प्रती," मी हुशारीने म्हटलं.

"थांबा, थांबा. लेबल फसवतं हो. जुनी लेबलं उरली की कारखानेवाले ती नव्या मालावर खपवायचे. गाणं संपल्यावर लेबलाभोवती गुळगुळीत पट्टी असते बघा. तिथे हाताने कोरलेला आवृत्तीचा आकडा असतो. तो खोटं बोलत नाही."

तबकडी खिडकीशी तिरपी धरली. एकीवर एक, मग दोन, तीन, चार. आणि दुसऱ्या किरमिजीवर, केसाएवढ्या बारीक रेघेत, पाच.

यादीत 'आवाजाची स्थिती' असा एक रकाना होता. म्हणजे प्रत्येक तबकडी वाजवून बघणं आलं.

पहिली लावली. बाईचा आवाज गोड, पण घाईघाईचा, जणू दारात टांगा उभा आहे. पहिलं कडवं संपलं आणि त्यामागून बाळाचं रडणं आलं. मी धावत पाळण्याशी गेले. ठिणगी झोपलेली. रडणं चालूच... तबकडीत.

दुसऱ्या प्रतीत रडणं जरा खाली आलं होतं. तिसरीत हुंदके. चौथीत नुसती कुरकुर. मी गृहस्थांना पुन्हा फोन लावला. ते हसले. "तुमच्या सासऱ्यांनीही आम्हाला एकदा हेच विचारलं होतं. ताई, भरलेलं गाणं एकच. त्याच मूळ साच्यावरून सगळ्या आवृत्त्या. फरक येईलच कसा?"

संध्याकाळी भाजी निवडताना मी सासूबाईंकडे विषय काढला. मला वाटलं, त्या माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतील. त्या निवडायच्या थांबल्या.

"तुलाही ऐकू आलं?"

"आई, म्हणजे तुम्हालाही..."

"मला कुठलं? मी ठार बहिरी, असं तुझे सासरे म्हणायचे. त्यांनाच यायचं. पहिल्याच मालाला त्यांनी 'रडण्याचा आवाज, दोष' असा शेरा मारला आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. कारण दुसऱ्या कुणालाच ऐकू येईना." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या गाणाऱ्या बाईचं अंगावर पिणारं पोर होतं गं. तापलेलं. शेजारणीकडे ठेवून गाणं भरायला गेली. सहा वेळा गाऊन घेतलं तिच्याकडून, तेव्हा कुठे एक पसंत पडलं. घरी पोचली तेव्हा... उशीर झाला होता. तीही वर्षभराच्या आत गेली."

मी उठून पाळण्यात एकदा डोकावून आले.

"दर नव्या आवृत्तीची एक प्रत ते घरी आणायचे. दार लावून ऐकायचे. मी विचारायची, झोपलं का? म्हणायचे, अजून नाही, पण थोडं शांत झालंय."

"आणि पाचवी?"

"पाचवी कुठली? चारच निघाल्या. शेवटची किरमिजी ती पहिलीचीच दुसरी प्रत. ते निवृत्त झाल्यावर कारखाना बंद पडत होता, तेव्हा कुणीतरी टपालाने धाडली. लेबल बघून म्हणाले, ही ऐकलेली आहे, ते रडणं पुन्हा नको. ठेवून दिली."

जन्मभर दुसऱ्यांनी लावलेली लेबलं तपासणारा माणूस! मला भरून आलं. आकडा बघायचा तेवढा राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाल्या. "नीट बस," म्हणाल्या. "किंवा नको, बसूच नकोस." मी आतून कडी घातली. ठिणगी पाळण्यात हातपाय झाडत किरकिरत होती. पाचवी लावली ती मी यादीसाठी, असं म्हणू शकते. पण खरं सांगायचं तर ते बाळ झोपलं का, हे मला बघायचं होतं. कुणाचं तरी झोपलेलं बघायचं होतं.

सुईची खरखर. मग तोच आवाज, पण घाई नाही. एकेक शब्द पसरून, सावकाश. मागे रडणं नाही, कुरकुर नाही. कडव्यांच्या मधल्या जागेत फक्त श्वास, बारीक, एका लयीत. पाळण्यातली किरकिर थांबली. ठिणगीचे डोळे जड झाले, मिटले. खोलीत गरम पाण्याचा आणि तेलाचा वास आला, न्हाणीतून नुकत्याच काढलेल्या बाळाला येतो तसा. आमची आंघोळ सकाळीच झाली होती.

शेवटचं कडवं आलंच नाही. बाई थांबली. मग अगदी जवळून, दमलेल्या बाईने दमलेल्या बाईशी बोलावं तशी म्हणाली,

"झोप तू आता... मी आहे."

मी उभी होते, एवढं मला नक्की आठवतं.

जाग आली ती दार बडवल्याने. बाहेर सासूबाईंचा आवाज. खोलीत अंधारून आलेलं. मी खुर्चीत, मान एका बाजूला लोंबती, घड्याळात सव्वासहा. साडेचार तास! पाळण्याकडे कशी पोचले, मला ठाऊक नाही.

ठिणगी जागी होती. पांघरूण छातीपर्यंत नीट ओढलेलं, दोन्ही कडा खाली दुमडलेल्या. मी तशा कधी दुमडत नाही. मला बघून हसली. मी कडी काढली. आतली कडी, जशी घातली होती तशीच होती.

"अगं, किती हाका मारल्या! पोर भुकेने व्याकूळ झालं असेल," सासूबाई आत येत म्हणाल्या. तिला उचलून त्यांनी माझ्याकडे दिलं. "घे आधी अंगाशी."

मी घेतली. माझी छाती पान्ह्याने दाटून ठणकत होती, ब्लाउज पुढून पार भिजला होता. साडेचार तासांचं दूध जिथल्या तिथे होतं. पण ठिणगीने तोंड फिरवलं. पुन्हा लावली, पुन्हा फिरवलं. पोट टम्म होतं तिचं. सासूबाईंनी तिला खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, तशी तिने एक समाधानाची ढेकर दिली, आणि ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा एक ओघळ त्यांच्या खांद्यावर उतरला.

सासूबाईंनी तो बोटाने टिपला. माझ्या भिजलेल्या ब्लाउजकडे बघितलं, ग्रामोफोनवरच्या किरमिजी तबकडीकडे बघितलं. मग देवाला करतात तसा त्यांनी रिकाम्या खुर्चीला हात जोडून नमस्कार केला.

ओघळ अजून कोमट होता.