कुरड्यांच्या शेतात विमान

सेवालाल आंब्याच्या शेंड्यावर चढला होता, म्हणून विमान आधी त्यालाच दिसलं. कैऱ्या टाकायचं सोडून तो ओरडला, "पंचफुला, पाह्य! खाली येऊन राह्यलं!"

पंचफुला आणि तिचा चुलतभाऊ रामकिसन यांनी माना वर केल्या. मे महिन्यात धनज गावाच्या आभाळात घारींशिवाय काही फिरकत नसे. आणि आज हे! एकावर एक पंख असलेलं छोटं विमान गावावरून घिरटी घालून गढीखालच्या शेतात उतरलं. उतरलं कसलं, आपटलंच! उसळलं, पुन्हा आपटलं. उन्हानं काळ्या जमिनीला हातहात भेगा पडल्या होत्या. त्यात एक चाक अडकून मोडलं, नाकावरचा पंखा मातीत रुतला आणि धुळीनं सगळं झाकून टाकलं.

तिघं धावत सुटली. धुळीतून एक तरुण लंगडत बाहेर आला. गोविंदसिंग त्याचं नाव, महायुद्धाच्या दिवसांत नागपूरला विमान चालवायला शिकत होता. पंचफुलानं दिलेलं पाणी त्यानं घटाघटा पिऊन टाकलं आणि विचारलं, "इथली पांढरी खूण कुठं गेली?"

"कोनती खूण?" रामकिसननं विचारलं.

गोविंदसिंगानं धुळीत बोटानं एक उभी रेघ ओढली, तिच्या टोकावर एक आडवी. "विमानतळावर अशी पांढरी कापडं अंथरतात. इथून असं उतरा, म्हणून. रेल्वेचे रूळ बघत वाट काढत होतो, धुरकट हवेत ते हुकले, पेट्रोल संपत आलं. वरून ही खूण दिसली. वाटलं, देव पावला."

शेतात तर चिंधीसुद्धा नव्हती.

निरोप मिळून दुपार कलताना त्याचा गुरू मोटारीनं आला. भरघोस मिशांचा, कडक इस्त्रीचा साहेब. गोविंदसिंगानं पुन्हा सगळं सांगितलं. साहेबानं मोकळ्या शेताकडे पाहिलं आणि गावकऱ्यांना विचारलं, "इथं काही अंथरलं होतं?"

सगळे पाटलांकडे पाहू लागले. इंद्रभान पाटील हात जोडून म्हणाले, "नाई जी, काईच नव्हतं."

साहेब गोविंदसिंगाकडे वळला. "जोरात उतरलास, ते मी समजून घेतलं असतं. पण थापाड्याच्या हाती मी विमान देत नाही. सामान आवर. तुझं शिक्षण संपलं."

गोविंदसिंगाचा चेहरा पार उतरला. पंचफुलाला भारी वाईट वाटलं. एवढ्या जिवावरच्या प्रसंगातून आलेला माणूस उगाच कशाला थाप मारेल? ती दोघांना घेऊन शेतात फिरू लागली. थोड्या वेळात सेवालाल ओणवा झाला.

"हे दगड पाह्य. एका रांगेत कसे?"

मुठीएवढे दगड होते. चार लांब चौकोनाच्या कोपऱ्यांवर, आणि पुढं चार आडव्या चौकोनाच्या. शेजारी मातीला चिकटलेला एक पांढरा, ओलसर तुकडा! रामकिसननं तो पुसून सरळ तोंडात टाकला.

"कुरडई हाय," तो चघळत म्हणाला. "मीठ कमी पडलं."

एवढं कमी मीठ गावात एकाच घरी पडे. तिघं थेट रंगूकाकूच्या मागच्या दारी गेली. कुरड्यांचा चुरा चिकटलेली दोन लांब पांढरी धोतरं तिथं गुंडाळून कोंबलेली होती. काकूनं वाळवणासाठी एक धोतर उभं अंथरलं होतं, पुढं बांध आला म्हणून दुसरं आडवं. वरून विमान येताना दिसलं तशी काकू दोन्ही उचलून पळाली!

"कोनाले सांगू नोका गं," काकू रडकुंडीला आली. तेवढ्यात पाटीलच आले. "सरकारी विमान हाय," ते दरडावून म्हणाले. "एक शब्द बोलसान त रंगूबाईले बांधून नेतीन. घ्या मारुतीची शपथ, बोलनार नाई म्हनून!"

तिघांनी मुकाट्यानं शपथ घेतली. पाटील गेल्यावर सेवालाल म्हणाला, "आता कसं करावं?"

पंचफुला धोतरं झटकत होती. "बोलाची शपथ घेतली," ती म्हणाली. "वाळवनाची कोनी घेतली?"

रामकिसन मोटारीकडे पळाला. "साहेब, गढीच्या बुरुजावरून विमान झ्याक दिसते. फोटो काढा ना जी!" साहेबाला मोडतोडीचा फोटो हवाच होता. तो गोविंदसिंगाला घेऊन वर चढला. मागोमाग पाटील, अर्धं गाव आणि धापा टाकत रंगूकाकू.

खाली पंचफुला आणि सेवालाल यांनी त्याच दगडांवर धोतरं ताणून बसवली आणि बाजूला झाली.

साहेबाचा कॅमेरा डोळ्यापर्यंत जाऊन थांबला. काळ्या शेतात पांढरीशुभ्र खूण, एखाद्या विमानतळावर असावी तशी. "हे कुणी केलं?"

पाटलांनी रामकिसनकडे डोळे वटारले. रामकिसननं ओठ घट्ट मिटून घेतले. रंगूकाकूनं गोविंदसिंगाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. मग तिनं पदर सावरला.

"माही धोतरं हायत, साहेब. कुरड्याबी माह्याच. मले बांधून न्या, पन हे लेकरू खोटं नाई बोललं."

साहेबानं वाऱ्याचा अंदाज घेतला. "विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात, ही खूण उलटी पडली. वारा पाठीशी घेऊन उतरलास, म्हणून आपटलास." त्यानं टोपी काढली. "बाई, कुरड्या वाळवायला सरकारची परवानगी लागत नाही. चुकलो मी. गोविंदसिंग, सगळ्यांसमोर तुला थापाड्या म्हणालो, सगळ्यांसमोर शब्द मागे घेतो. सोमवारी सकाळी मैदानावर ये. वारा ओळखायला पहिल्यापासून शिकायचं आहे."

गोविंदसिंगानं वाकून रंगूकाकूच्या पायांना हात लावला. काकू त्याच्या डोक्यावर हात ठेवून रडू लागली.

खाली आल्यावर पाटलांनी तिघांना उभं केलं. "शपथ मोडली नाई तुमी," ते म्हणाले. "पोट्टेहो, भेलो त मी होतो. शपथ मात्र तुमाले घातली. असं मी पुन्हा नाई करनार."

एवढं बोलून ते स्वतःच शेतात गेले आणि रंगूकाकूची धोतरं घड्या घालून घेऊन आले.