बिनगोंड्याचा हार

त्या दुपारी पडद्यामागं माझ्या डाव्या हाताला कोण बसलं होतं?

हे मी मामाला विचारलं, आईला विचारलं, देवळातल्या गुरवालाही विचारलं. मामा उठून बैलांना पाणी पाजायला गेला. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. गुरव म्हणाला, "अंधारात कोणीबी बसते, बाप्पा." ज्याला खरं ठाऊक होतं, तो माझा दादा, देवीदास, गेल्या मंगळवारी गेला. आता विचारायला कोणी राहिलं नाही. मी दुसरीपर्यंतच शिकलो, मला रंगवून सांगता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

आम्ही अमरावतीचे. बडनेऱ्याच्या रस्त्याला आमचा मळा आहे, भाजीचा आणि फुलांचा. आईचा भाऊ शालिकराम मामा अकोल्याला राहायचा. मोर्णा नदीच्या काठी त्याची फुलबाग होती. उन्हाळ्यात आई आम्हा दोघांना तिकडं धाडून द्यायची. मी दहा वर्षांचा होतो त्या सालची ही गोष्ट. दादा तेव्हा पंधराचा होता.

हार करायला आम्ही दोघंही लहानपणीच शिकलो होतो. देवाच्या हाराची दोन टोकं एकत्र आणून खाली गोंडा बांधतात. हे काम एकट्याचं नाही. एकानं दोऱ्याची टोकं ताणून धरायची, दुसऱ्यानं गोंडा लावून गाठ मारायची. टोकं दादा धरायचा, गाठ मी मारायचो. पण गेलेल्या माणसाच्या हाराला आमच्या घरी गोंडा नसतो. टोकं मोकळी सोडायची आणि हार नुसता अंगावर ठेवायचा. मामा म्हणायचा, "देवाले बांधून ठेवा लागते, गेलेल्याले मोकळं सोडा लागते. त्याच्या हाराले गोंडा बांधला तं त्याले समजतच नाही का आपण गेलो. तो इथंच फिरत राह्यते, आपला हार ढूंढत."

त्या साली अकोल्यात पत्र्याचं थेटर आलं होतं. सिनेमा मुका होता. देवादिकांचा खेळ असल्यामुळं लोक चपला दाराशी काढून आत जायचे. पडद्याखाली देवाची तसबीर मांडलेली असायची, तिला रोज नवा हार लागायचा. तो मामाकडून जायचा. मी आठ दिवस मामाच्या मागं लागलो होतो. शेवटी तो म्हणाला, "जा बापा, आज हार तुमीच घेऊन जा. खुशालराव बसवंन तुमाले मागं."

मामानं टोपलीत पळसाच्या पानांचे दोन पुडे ठेवले. दोन्हींत मोगऱ्याचे हार, लांबी सारखीच. एक देवाच्या तसबिरीचा. दुसरा थेटराच्या पुढच्या गल्लीत सूर्यभानजींकडं द्यायचा होता. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा आदल्या सांजेला विहिरीत बुडाला होता. रात्री गळ टाकून काढला, आणि बाहेरगावच्या बहिणीसाठी दुपारपर्यंत ठेवला होता.

"उजवीकडचा पुडा थेटरातला, डावीकडचा सूर्यभानजीचा," मामानं बजावलं.

टोपली माझ्या डोक्यावर होती. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. थेटराजवळ आलो तशी आतून पेटी वाजू लागली. माझा जीव वर आला. मी टोपली खाली ठेवली, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि माझ्या उजव्या हाताचा पुडा उचलला. टोपली डोक्यावरून उतरवताना फिरली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दादा म्हणाला, "तू हे देऊन बस. मी सूर्यभानजीकडं जाऊन येतो. माही जागा धरून ठेवजो."

"लवकर येजो, दादा. नाहीतर सरून जाईन!"

"सरत नाही बे. देव का तुह्यासाठी पळून राहिला?"

तो दुसरा पुडा घेऊन गेला. दाराशी खुशालराव होता, मोठ्या मिशांचा. त्यानं पानं उलगडली आणि हार वर धरला. हाराची दोन टोकं मोकळी लोंबत होती.

"गोंडा कोठी हाय रे?"

मला तेव्हाच समजलं. तिथंच समजलं. दादा अजून गल्लीच्या वळणाशी दिसत होता. एक हाक मारली असती तर तो परत आला असता. पण मग हार बदलायला जावं लागलं असतं, आणि आतला दिवा तर विझत होता.

"रस्त्यात पडला असंन," मी म्हणालो.

खुशालराव हसला. "हार आणणारा असा, तं देव कसा पावंन? जाय, मागं बस. मागून देव डावखुरा दिसते, घाबरजो नको."

एक आण्याचे लोक पडद्याच्या पाठीमागं बसायचे. उजेड पार यावा म्हणून एक माणूस बादलीनं पडद्यावर पाणी मारायचा. आत बिड्यांचा धूर, तापलेल्या पत्र्याचा वास आणि ओल्या कापडाचा वास. मी अगदी शेवटी, पत्र्याला टेकून बसलो. डाव्या हाताला दादासाठी माझा पंचा अंथरला. मग दार लागलं आणि भर दुपारी काळोख झाला.

समोरचं कापड एकदम हललं आणि त्यात माणसं चालायला लागली. राजा होता, राणी होती, झाडं वाऱ्यानं हलत होती आणि त्या वाऱ्याला आवाज नव्हता. यंत्राची करकर तेवढी चालू होती. पडद्याच्या पलीकडं एक माणूस अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायचा. आमच्याकडून ती उलटी दिसायची. मला तर सुलटीही धड वाचता येत नव्हती. देवानं आशीर्वादाला डावा हात उचलला तेव्हा पुढं बसलेल्या बाया खरंच पाया पडल्या. मीही पडलो. असं काही जगात असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

थोड्या वेळानं डाव्या बाजूला कोणी येऊन बसल्याचं जाणवलं. मी मान वळवली नाही. पडद्यावरून नजर काढवत नव्हती.

"किती उशीर केला, दादा. पाह्य, घोडे आले."

मोगऱ्याचा वास आला, दादाच्या अंगाला यायचाच. पण त्यात शेवाळाचा वास होता, तळातल्या पाण्यासारखा.

घोडे थेट आमच्या अंगावर आले. मी घाबरून डावीकडं हात टाकला. हात सापडला. थंड आणि ओला. बोटांची कातडी सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात खेळल्यावर होते तशी.

"घाम आला का तुले?"

मग माझ्या कानाशी, हळूच...

"माहा हार... कोठी हाय?"

मला वाटलं, दादाला अदलाबदल समजली. मी चिडलो. खेळ मोडेल म्हणून चिडलो.

"चूप बस ना. सिनेमा सरला का देतो."

"देशीन...?"

"देतो म्हटलं ना!"

हात माझ्या हातातच राहिला. पडद्यावर नदी आली. राजा नावेत बसला, आणि माझ्या शेजारचा थरथरायला लागला. मी त्याचा हात जास्तच घट्ट धरला. दादा घाबरतो आणि मी नाही, याचा मला अभिमान वाटला.

एवढ्यात रीळ संपलं. खुशालरावानं मागचं दार उघडलं. उन्हाचा पट्टा आत पडला, आणि त्या उन्हात दादा उभा होता. दारात. घामानं निथळत, धापा टाकत.

"जागा धरली का रे? त्याईनं पुडा घेतला अन् मले बाहेरच उभं ठेवलं. मघाच निघाले घाटावर."

मी माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. मूठ मिटलेली होती. तिच्यात काही नव्हतं. पंचा मात्र चिंब होता. पडद्याचं पाणी आमच्यापासून दहा हातांवरच संपत होतं.

मी रडत सगळं सांगितलं. दादानं माझ्या एक थोबाडीत दिली. मग माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मला पोटाशी धरलं. खुशालरावाच्या पाया पडून त्यानं तसबिरीवरचा तो मोकळा हार मागून घेतला, आणि आम्ही दोघं अनवाणी मोर्णेच्या घाटाकडं पळालो.

आम्ही पोचेपर्यंत सरण पेटलं होतं. लोक लांब सावलीत बसले होते. दादा धगीजवळ गेला, हार आगीत टाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "चूक माही हाय. हार म्या बदलला. ह्या पोट्ट्यानं नाही. ह्याच्या मागं येऊ नको... कोणाच्या मागं याचंच असंन तं माह्या ये."

मी ऐकलं. मी म्हणालो नाही की खोटं आहे. मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून उभा राहिलो.

त्यानंतर नऊ वर्षं दादा पंगतीत बसला की डावीकडं एका माणसाची जागा सोडायचा. बैलगाडीत, देवळात, मळ्याच्या बांधावर. लोक हसायचे. "देवीदास, तुही बायको येऊन राहिली का?" तोही हसायचा. थेटरात तो पुन्हा कधी गेला नाही. अमरावतीला बोलता सिनेमा आला तेव्हा मी म्हटलं, "चाल ना, दादा." तो म्हणाला, "तू जाय. आमी नाही येत." आमी म्हणाला. मी का विचारलं नाही, ते मला आजही कळत नाही.

या चैत्रात त्याला ताप भरला. उतरलाच नाही. एकवीस दिवस तो खाटेच्या अगदी कडेला पडून होता.

"दादा, मधात सरक. पडशीन."

"जागा नाही रे."

खाट अर्धी रिकामी होती. मी तिच्यावर हात ठेवून पाहिला. गोधडी ओली लागली. आई म्हणाली, तापाचा घाम आहे.

शेवटच्या दिवशी त्यानं माझं मनगट धरलं. "गोवर्धन, माह्या हाराले गोंडा लावू नको. ध्यानात ठेव. मले आता जाऊ दे. तो गेला नाही... पण मले जाऊ दे."

मी हो म्हटलं. आईची शपथ घेतली.

हार मीच केला. मोगऱ्याचा, टोकं मोकळी. अकोल्याहून मामा आला होता, हार पाहून त्यानं बरोबर म्हणून मान हलवली. अंगणात तिरडी बांधत होते, बाया आईला धरून मागच्या खोलीत होत्या. ओटीवर दादा आणि मी दोघंच होतो. हार त्याच्या छातीवर होता. बाहेरून कोणी म्हणालं, "चला, उचला आता."

तेव्हा मला समजलं की आता हा खरंच जाईल. माझी चूक घेऊन जाईल. उद्या टोकं धरायला कोणी नसेल. माझ्या खिशात सकाळच्या देवाच्या हाराचा उरलेला एक गोंडा होता. मी तो काढला. माझे दोन्ही हात गोंड्यातच गुंतले होते, आणि समोर दोऱ्याची टोकं ताणलेली होती. नीट, सारखी, कोणी धरावी तशी.

दादाचे हात त्याच्या अंगाशी बांधलेले होते.

दोऱ्यावरून पाणी निथळत होतं. शेवाळाचा वास आला. खूप वर्षांपूर्वीचा. दादा ही टोकं धरणार नाही, त्यानंच नको म्हणून सांगितलं होतं, हे मला त्या घटकेला पुरतं ठाऊक होतं.

मी गाठ मारली. घट्ट मारली.